सेन्सर माझ्या हातात होता

मी चौथी शिकलेली बाई आहे. भूत, करणी, बाधा यांवर माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही नाही. मागं इथंच कुणीतरी लिहिलं होतं की नवी सून आली आणि घरचा ट्रॅक्टर बंद पडायला लागला... आणि खाली ढीगभर लोकांनी 'बाधाच आहे' म्हणून सांगितलं. शिकलेली माणसं! डोकं फिरलं माझं. म्हणून हे सांगते.

आम्ही राजुरीचे. माझ्या मुलानं, संतोषनं, सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली आणि दोन महिन्यांनी त्याचं लग्न झालं. ऊन तापायला लागलं तशी गाडी खोड्या करायला लागली. सकाळी थंड असताना एका चावीत सुरू. पण लांबून तापून आली आणि बंद केली, की पुन्हा सुरू व्हायला अर्धा तास. आणि हे व्हायचं नेमकं गावाबाहेरच्या म्हसोबापाशी.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी निकाल देऊन टाकला. "लग्नाआधी गाडी लई गुणाची व्हती. हिचा पाय लागला आन् म्हसोबा आडवा आला."

हिचा म्हणजे माझ्या सुनेचा, मनीषाचा. मग देवऋषी आणला. त्यानं सांगितलं, सुनेला दोन अमावास्या माहेरी ठेवा. त्याची स्वतःची स्कूटर आमच्या दारातून ढकलत न्यावी लागली, ते कुणाला दिसलं नाही.

मी संतोषला म्हटलं, "आरं, म्हसोबापाशी तू गाडी बंद करून, चपला काढून पाया पडतोस. बंद करतोस म्हणून तिथं आडती. पाया न पडता ये, दारात बंद करून बघ."

त्यानं केलं. दारातही अडली.

"घ्या," जाऊबाई म्हणाल्या, "आता घरात शिरली."

काय बोलणार असल्या माणसाशी?

संतोष मऊ. त्यानं दुसऱ्या दिवशी बायकोची बॅग त्याच गाडीत ठेवली. तिचं माहेर पारगावला. दोन अमावास्यांसाठी म्हणून सोडलेल्या सुना किती वर्षं माहेरी बसतात, हे मी बघितलेलं आहे. कुणाला न विचारता मीही पुढच्या सीटवर जाऊन बसले.

भर दुपारी कळंबला रसवंतीपाशी थांबलो. रस प्यायलो, गाडी सुरू होईना.

"हितं बी म्हसोबा हाय का रं?" मी विचारलं.

समोरच गॅरेज होतं. मेकॅनिकनं बॉनेट उघडून आत कुठंतरी ओलं फडकं दाबून धरलं. थोड्या वेळानं गाडी सुरू! "मावशी, हा क्रँकचा सेन्सर. तापला का मरतो, गार झाला का जित्ता व्हतो. बदलून टाका."

मला इतकं बरं वाटलं! संतोष मेकॅनिकची मोटरसायकल घेऊन मंचरला नवा सेन्सर आणायला गेला. मेकॅनिकनं इंजिन बंद केलं, जुना सेन्सर काढला आणि फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. अंगठ्याएवढी वस्तू. "ह्याच्याबिगर इंजिनला कळतच न्हाई ठिणगी कवा टाकायची. गाडी चालूच व्हणार न्हाई," तो म्हणाला. मग मनीषाला स्टिअरिंगवर बसवलं. "वहिनी, जरा चावी फिरवा. वायरीत करंट येतो का बघतो."

तिनं चावी फिरवली... आणि इंजिन सुरू झालं.

नुसतं फुरफुरलं नाही, चांगलं चालू राहिलं. सुटी वायर मेकॅनिकच्या हातात. सेन्सर माझ्या हातात, अजून कोमट. मेकॅनिक दोन पावलं मागं सरला. "मावशी, हे व्हऊच शकत न्हाई."

मनीषा पांढरी पडली. "आत्या, मी काय न्हाई केलं वो..."

"बंद कर ती," मी ओरडले. बंद केली. मग मीच म्हटलं, पुन्हा फिरव. तिनं तीनदा फिरवली. नुसतं घुर्र घुर्र. सुरू झाली नाही.

मला भीती नाही वाटली, संताप आला. चालायचंच होतं तर हिच्याच हातून चालायचं होतं? मेकॅनिकला म्हटलं, "तू काय बघितलंस?" तो शहाणा होता. "काय न्हाई मावशी."

संतोष आला, नवा सेन्सर बसला. गाडी तापवून पाचदा बंद केली, पाचही वेळा सुरू झाली. जुना सेन्सर मी त्याच्यापुढं धरला. "ही तुझी बाधा. गाडी राजुरीकडं वळव." त्यानं मुकाट्यानं वळवली. बाकीचं मी त्याला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

पुढं दोन मेकॅनिकांना आडून आडून विचारलं. एक हसला. दुसरा म्हणाला, तसलाच आणखी एक सेन्सर असेल. त्याला गाडी उघडून दाखवायला लावली, तर नव्हता. तेवढा वेळ गाडी कशावर चालली, मला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे त्यानं सांगावं. नसेल ठाऊक तर 'ठाऊक नाही' म्हणावं, त्यात लाज कसली? पण जे कळत नाही ते सुनेच्या माथी मारायचं, हा कुठला न्याय?

मी बोलतेय आणि मनीषा मोबाईलवर टाईप करतेय. आत्ता थांबून तिनं विचारलं, "आत्या, चावी मी फिरवली हे ठिवू का काढू?"

म्हटलं, ठेव. आणि संतोषला तूच वाचून दाखव.