शेवटच्या पानापुढची जागा

भूतबित सगळं थोतांड, असं म्हणणाऱ्यांतली मी. प्रोग्रॅमिंग शिकवते, एरर आली की तिला कारण असतंच, हे रोज मुलांच्या डोक्यात भरवते. तरी हे लिहितेय...

रत्नागिरीत मारुती मंदिरजवळ आमचा फ्लॅट. मी आणि बाबा. आई गेल्या वर्षी गेली. डायनिंग टेबलावर बसून मी ऑनलाइन सी प्लस प्लसचे क्लास घेते. आई असताना स्वयंपाक करता करता ऐकत असायची. एकदा मी शिकवत होते – 'एंड' म्हणजे रांगेतला शेवटचा नव्हे, त्याच्या पुढची रिकामी जागा. तिथे कुणी नसतं, थांबायचं कुठे तेवढं कळतं. आई आतून म्हणाली, "म्हणजे माझी जागा गो! सगळ्यांना वाढत जायचं नि शेवटच्या पानापुढे थांबायचं." मुलं खो खो हसली.

रोज दुपारी तिची हाक – "वाढलंय हां!" आणि डब्यातले तांदूळ संपले तरी "तांदूळ वाढले" म्हणायची. 'संपलं' हा शब्द तिच्या तोंडी कधी आलाच नाही.

ती गेली आणि बाबांनी जेवणच टाकलं. चहाबिस्किटावर दिवस काढायचे. मी रडले, ओरडले... "भूक नाही गो," एवढंच. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल. माझा जीव नुसता टांगणीला.

एका दुपारी क्लासमध्ये मुद्दाम चूक करून दाखवत होते. रांगेत तीन नावं टाकली आणि 'एंड'च्या जागी काय आहे ते छापायला सांगितलं. अशाने प्रोग्रॅम कोसळतो, नाहीतर कचरा येतो. स्क्रीनवर आलं – वाढलंय.

मराठीत. स्वच्छ. मेमरीत जुनं काही उरलेलं दिसू शकतं, मान्य... पण लॅपटॉप आईच्या पश्चात घेतलेला, आणि हा शब्द मी त्यावर कधीच टाइप केला नव्हता. "मॅडम, हे कुठून आलं?" मुलं विचारायला लागली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबा आले. हात धुतलेले, ओले.

"हाक मारलीन ना तिने?" म्हणाले आणि खुर्चीत बसले. "वाढ गो."

मी कुकर उघडला. भात, कुळथाचं पिठलं. बाबा पोटभर जेवले. मी ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले.

तोच प्रोग्रॅम नंतर कितीदा चालवला – दर वेळी कोसळतो. तो शब्द आला कुठून, त्याचं कारण अजून सापडलेलं नाही. बाबा आता रोज जेवतात, हाक मात्र पुन्हा कधी आली नाही. मला एवढंच कळत नाही... आई त्या दिवशी जेवायला बोलावत होती, की तिच्या भाषेत, आता संपलं म्हणून सांगत होती?