बाहेर बसायचे चार दिवस

लढाईचे दिवस होते, रॉकेलही मिळत नव्हतं. मुलगी झाली तेव्हा माझं इतकं रक्त गेलं की सुईणीने आशा सोडली. मी वाचले, पण दूध आलं नाही. मुलगी जावेच्या दुधावर वाढली. पाळी तर त्यानंतर कधी आलीच नाही.

फार वर्षांनी गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की फार रक्त गेलं तर डोक्यातली वाटाण्याएवढी गाठ सुकते. दूध, पाळी, अंगातली ताकद, सगळं तिच्याच हुकमावर चालतं. तेव्हा कुणाला काय ठाऊक? मी सकाळी उठायचे तीच थकलेली. चैत्रात घोंगडी पांघरायचे.

"काऊन वं, हातात जीव नाही का तुह्या?" सासू विचारायची. नव्हताच.

आमच्या घरी पाळी आलेली बाई चार दिवस पडवीत बसे. चूल नाही, विहीर नाही, धानाच्या बांधीत पायसुद्धा नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात. जाऊ दर महिन्याला बसायची आणि तिचंही काम माझ्या गळ्यात पडायचं. बारा महिने तेरा काळ शुद्ध अशी मी एकटीच! बायका विटाळाला कंटाळतात, मला त्याचा हेवा वाटायचा.

धानाच्या ऐन रोवणीत एकदा मी सरळ खोटं सांगितलं, "मी बाहेरची झाली." सासूचा चेहरा उजळला. पाळी आली म्हणजे आता नातूही येईल, असं तिला वाटलं. मी मात्र पोत्यावर पडले आणि चार दिवस झोपले. एवढं सुख मला माहेरीही मिळालं नव्हतं.

मग दर महिन्याला तेच. कोऱ्या चिंध्या नुसत्या पाण्यात बुडवून मागच्या कुंपणावर वाळत घालायचे. चोराच्या मनात चांदणं, कुणी तिकडे पाहिलं तरी मी पोत्यावर उठून बसायचे. खोटं उघडं पडलं तर तेवढी झोपही जाणार होती.

पाचव्या की सहाव्या महिन्यात, चौथ्या दिवशी सकाळी सासू कुंपणापाशी गेली. बाहेर बसलेलीचा पदर लागला तरी पुन्हा अंघोळ करणारी ती बाई. तिने चिंध्या हातांनी काढल्या, उलटून पाहिल्या. एकीवरही डाग नव्हता. मग घडी करून माझ्या मांडीवर ठेवल्या.

"आज नोको न्हाऊ," ती म्हणाली. "उद्या न्हाजो."

मला रडू फुटलं. ती वळली आणि अंघोळ न करताच चुलीपाशी जाऊन बसली.