लांबून टाकलेला चेंडू

हिंगोलीकडच्या काही मैदानांवर अजूनही सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना ठरलेल्या जागेच्या दोन ढांगा मागून चेंडू टाकायला लावतात. त्यानं हात मजबूत होतो म्हणतात, आणि ती माझी पद्धत म्हणून सांगतात. ती पद्धत नव्हती. ती चूक होती, आणि ती कळल्यावर मी जे केलं ते चुकीहून वाईट होतं.

नव्वदच्या दशकात मी कॉलेजात क्रीडाशिक्षक होतो. मूळचा खो-खोचा माणूस. सॉफ्टबॉल नियमांच्या पुस्तकातून शिकलो. आधी मुलांचा संघ केला, मग मुलींचा. मैदान आखायला अंतरांच्या गाठी मारलेली एक सुती दोरी होती. ज्या रबरी पट्टीवर पाय ठेवून चेंडू टाकतात, ती कुठं ठोकायची याची गाठ मुलांच्या मापाची होती. मुलींचं अंतर कमी असतं. पुस्तकात ते पुढच्या पानावर होतं आणि मी ते पान उलटलं नाही.

ती मुलगी नरसीकडच्या एका खेड्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. पहिल्या दिवशी ओढणी कमरेला आवळून उभी राहिली. या खेळात चेंडू कमरेखालून टाकायचा असतो. मी दाखवायला लागलो तर म्हणाली,

"सर, मेंढरं असेच वळवतो आमी."

"दगड मारून?"

"मारून न्हाई. मेंढराला लागला तर माय माझंच डोस्कं फोडीन. सगळ्यात पुढच्या मेंढराच्या म्होरं टाकायचा, खालून, सपाट. ते दचकून वळतं, मंग बाकीची त्याच्या मागं."

आणि तिनं चेंडू टाकला. झेलणाऱ्या मुलीनं हातमोजा काढून तळहात पाहिला. "अगं बाई, चेंडू हाय का धोंडा?" हात वरून गोल फिरून खाली यायचा तेवढा दिसे, मनगट कधी वळलं ते मला शेवटपर्यंत टिपता आलं नाही. कुंपणाशी म्हशी घेऊन चाललेली माणसं थांबायची आणि म्हशी पुढं निघून जायच्या.

विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्याला ती पट्टीवर उभी राहिली आणि ओरडली, "सर, बॅटवाली लई जवळ हाय की!"

मी पंचांकडे गेलो, पट्टी चुकली म्हणालो. त्यांनी टेप लावून दाखवला. "पोरींचं अंतर हेच असतं, सर. तुमी कोणतं मोजून राहिलात?"

तेव्हा मला कळलं.

तिचे पहिले चेंडू झेलणारीच्या डोक्यावरून गेले. समोरच्या संघातल्या मुली हसायला लागल्या. "ए, आभाळात काय हुडकून राहिली?" ती थांबली. मातीची चिमूट घेऊन बोटांत चोळली, समोरच्या जागेकडं निवांत पाहिलं. कळपात नवं जनावर आलं की मेंढपाळ त्याला पाहतो तसं. पुढचा चेंडू जिथं हवा तिथं गेला, आणि त्याच्या पुढचाही. रोज दोन ढांगा लांबून टाकणारा हात तो. बॅट हलायच्या आत चेंडू पोचलेला असायचा. हसणाऱ्या मुली एकेक करून बाद होऊन परत गेल्या. इतक्या लवकर आपला हात नव्यानं जुळवून घेणारा खेळाडू मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

सामना संपल्यावर दुसऱ्या कॉलेजच्या सरांनी मला विचारलं, ही पोरगी घडवली कशी? ती शेजारीच पाणी पीत होती. मी म्हणालो, "मुद्दाम लांबून सराव घेतो मी. हात पोलादी होतो."

तिनं ग्लास तोंडापासून खाली घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पाणी पिऊ लागली.

परत आल्यावर पट्टी पुढं घ्यायला हवी होती. पण आता बाहेरगावचे शिक्षक माझी पद्धत बघायला यायला लागले होते. पट्टी तिथंच राहिली. ती विद्यापीठाकडून खेळली, राज्याकडून खेळली. शेवटच्या वर्षी ती डाव्या हातानं केस विंचरताना दिसली. "सर, खांदा दुखून राहिला." मी म्हणालो, तेल लाव, दोन दिवस आराम कर. आराम तिनं केला. पट्टी मी हलवली नाही. वर्ष संपायच्या आत नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, या हातानं आता टाकणं नाही.

मला वाटलं, ती घरी बसेल. तिनं शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी आमच्याच कॉलेजात मुलींची मुख्य प्रशिक्षक म्हणून आली. नेमणूक मात्र एकेका वर्षाची. मी बघायला गेलो तर ती मुलींना चेंडू टाकत होती. डाव्या हातानं.

"उजवा गेला तर डावा हाय की, सर," ती म्हणाली. "मेंढरं काय एकाच अंगाला पळतात व्हय?"

डाव्या हाताला तिनं सगळं पहिल्यापासून शिकवलं होतं. वेग कमी होता, पण ज्या मुलीला जो चेंडू जमत नाही, नेमका तोच चेंडू तिला पुन्हा पुन्हा मिळत होता. मी मैदानाच्या कडेला उन्हात उभा राहिलो, सावलीत जायचं सुचलं नाही. पट्टी योग्य अंतरावर होती.

संघ वर चढू लागला तसं संस्थेच्या सचिवांना करंडकाचे वेध लागले. एकदा माझ्यासमोरच ते तिला म्हणाले, "सरांच्या टायमाला पोरी लांबून टाकायच्या. तुमी ते बंद काहून केलं, मॅडम? सर, सांगा ना यांना."

मी म्हणालो, "ज्याची त्याची पद्धत असते."

त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात होतो आणि पुढं होतो. चेंडू टाकणारी मुलगी आखाडा बाळापूरची. प्रत्येक चेंडूनंतर ती कोपर पोटाशी दाबून धरायची. प्रशिक्षकानं तिला बाहेर बोलावलं. पोरगी रडायला लागली, "मॅडम, टाकते की मी!"

"मॅच जाईल तर जाऊ दे. हात जायला न्हाई पायजे."

मॅच गेली. दुसऱ्या दिवशी सचिवांनी मॅडमला बोलावलं, सल्ल्याला मलाही. "हातातली मॅच घालवली. पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघू."

"तिचा हात दुखत होता, साहेब," ती एवढंच म्हणाली.

"सरांच्या पोरींचे हात दुखत नव्हते काय?"

"दुखत होते," मी म्हणालो. "हिचाच दुखत होता." आणि दोरी, पंचांचा टेप, मारलेली थाप, जागची न हलवलेली पट्टी, सगळं सांगितलं.

सचिवांनी विचारलं, "इतक्या वर्षांनी काहून सांगून राहिलात?"

"हिला काढू नका म्हणून."

त्यांनी पंख्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "राहू द्या मॅडमलाच."

बाहेर ती चपला घालत होती. मी हात जोडायला गेलो.

"माफीचं नंतर बघू, सर. उद्या सकाळी मैदानावर या अन् पोरींना हे सांगा. तुमचं नाव घेऊन लोक अजून लांबून टाकायला लावतात."

मी गेलो. मुली मातीत बसून ऐकत होत्या. बाळापूरच्या मुलीनं विचारलं, "सर, मॅडमचा हात दुखून राहिला हे दिसत व्हतं ना तुमाला?"

"व्हय, दिसत होतं."

"मंग पट्टी पुढं घ्यायला काय झालं व्हतं?"

"लोक बघायला येत होते, बाळ. मला ते आवडत होतं."

प्रशिक्षकानं डाव्या हातात चेंडू घेतला. "चला, उठा," ती म्हणाली, आणि मुली उठून आपापल्या जागी गेल्या.