एरर शून्य

आता लपवून काय करू, अर्ध्या बोरिवलीला कळलंच आहे! मी माझ्याच बिल्डिंगमध्ये अशी माती खाल्ली ना, की विचारू नका.

मी अंधेरीच्या एका कंपनीत लिफ्ट चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा बूटलोडर लिहिते. म्हणजे काय? घरात सगळ्यांत आधी उठून बाकीच्यांना उठवणारी आई असते ना, तसा प्रोग्राम. वीज आली की आधी हा उठतो, सगळं तपासतो, मग लिफ्टला उठवतो.

आमची लिफ्ट महिनाभर बंद. सातव्या मजल्यावरच्या लेलेआजी, गुडघे गेलेले, घरात कोंडलेल्या. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये छाती ठोकून सांगितलं, "आमचा बोर्ड बसवा, आजींना मी स्वतः खाली आणते!"

बोर्ड बसला, नारळ फुटला. मी ऑफिसात, तोच सेक्रेटरी सावंतकाकांचा फोन!

"गो, स्क्रीनवर एरर इलो!"

"कितवा?"

"शून्य."

"झकास! म्हणजे एरर नाहीच, काका!"

"एरर लिवलेलो आसा, आणि तू म्हणतंस नाय?"

आम्हा प्रोग्रामरांत शून्य म्हणजे एकदम शुभ हो! पण सोसायटीला कोण सांगणार? सगळे जिन्याने. आजी पिशवी घेऊन दारात बसलेल्या, आणि त्यांना कोणी लिफ्टमध्ये पाऊल टाकू देईना. अस्सं डोकं फिरलं माझं!

हाफ डे टाकला, लॅपटॉप घेऊन धावले, मेसेज बदलून टाकला. नवा प्रोग्राम बोर्डात चढवला, मेन स्विच बंद-चालू केला. स्क्रीनवर "सर्व ठीक"! टाळ्या!

"बघा काका!" म्हणत मी आत शिरले, ऐटीत दार ओढलं, खट्कन लॉक बसलं. सातचं बटण दाबलं.

ढिम्म!

सगळी बटणं दाबून झाली. दार उघडेना, कारण लॉक सोडायचं कामही त्या बोर्डाचंच! आणि मग डोक्यात उजेड पडला. घाईत मेन स्विच लवकर बंद केला, त्यामुळे प्रोग्राम अर्धवटच चढला होता. आणि "सर्व ठीक"ची ओळ मी तपासणीच्या आधीच लिहिली होती! म्हणजे हा पठ्ठ्या आधी सर्व ठीक म्हणणार, मग तपासणार, आणि गडबड दिसली की लिफ्टला न उठवता गप्प बसणार.

काकांनी काचेला नाक लावलं. "काय गो, सगळा ठीक मां?"

"हो काका... लिहिलंय तरी तसं!"

मेकॅनिकला यायला तास लागणार होता. तेवढ्यात कोण आलं असेल? लेलेआजी! कठडा धरून, सात मजले उतरून, खास मला बघायला.

काचेतून डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, आता तू कोंडलीस होय? बस हं, घाबरू नकोस. मी जरा बागेत जाऊन येते!"