रिकाम्या खुर्चीसमोरचं पान
सफरचंद आणि दालचिनी उकळल्याचा वास आला की मला कॅनडातल्या किचनर शहरातली ती संध्याकाळ आठवते. आमची शेजारीण विकन, म्हणजे निसर्गाला पुजणाऱ्या एका पंथाची होती. तिच्या दारावर झाडू आणि पाच टोकांची चांदणी पाहून मी तिला केव्हाच चेटकीण ठरवून टाकलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी तिनं मला आणि नागपूरहून आलेल्या आईला जेवायला बोलावलं, तेव्हा मी ‘आम्ही व्हेजिटेरियन’ म्हणत वरणभाताचा डबाच सोबत नेला. टेबलावर एका रिकाम्या खुर्चीसमोर भरलेलं ताट होतं. ती म्हणाली, “माझ्या नवऱ्याचं. गेलेली माणसं आज घरी येतात.” मी खोचकपणे विचारलं, “हा धर्म किती जुना?” ती शांतपणे म्हणाली, “सण जुने आहेत, निसर्गाची पूजाही जुनी. पण धर्म म्हणून तो गेल्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये एका निवृत्त अधिकाऱ्यानं पुढे आणला.” मी जिंकल्याच्या थाटात आईला हे मराठीत सांगितलं. “म्हणजे माझ्यापेक्षा लहान आहे,” एवढंच म्हणून आई उठली, तिनं शेजारणीकडून एक ताट मागून घेतलं आणि माझ्याच डब्यातला वरणभात त्या ताटाशेजारी बाबांसाठी वाढला. त्या वर्षी पितृपक्षात मी ऑफिसचं कारण सांगून बाबांचं पान टाळलं होतं, आणि आई त्याबद्दल एक शब्दही बोलली नव्हती. आता आईही नाही. दरवर्षी शेजारणीच्या त्याच टेबलावर मी दोन पानं वाढते, आणि त्या दिवसाची रजा जानेवारीतच टाकून ठेवते.