तिसऱ्या डाऊनला गप्प

आपलाच संघ हरावा म्हणून रोझेला होलेचेक देव पाण्यात घालून बसली होती, आणि तेही अंगात हिरवं जॅकेट आणि डोक्यावर हिरवी टोपी घालून. वेल्बर्गमध्ये याहून मोठं पाप नाही. नेब्रास्काच्या मक्यात बुडालेल्या या गावात लग्नं, बारसी, घर बदलणं, सगळं इथल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा मोसम संपल्यावर. शरदातल्या शनिवारी लग्न ठेवणाऱ्या मुलीच्या बापाला लोक वर्षभर फैलावर घेतात.

तिचा नवरा लॅड. त्याच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं, "ऑपरेशन लांबवू नका." लॅड म्हणाला, "मोसम संपला की लगेच." बाई गावातल्याच, त्यांनी नुसता सुस्कारा टाकला आणि डिसेंबरातला एक गुरुवार लिहून दिला. रोझेलानं भीती वाटते म्हटलं, पण शेवटी तिनंही मान डोलावली. चूक झाली ती तिथेच, आणि दोघांचीही. नोव्हेंबर अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी शेवटचा सामना, मग मोसम संपला, हा जन्मभराचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता. त्यानंतरचे बाद फेरीचे सामने, प्लेऑफ, म्हणजे बड्या विद्यापीठांचं काम. देशभरातून चार संघ जायचे, त्यात वेल्बर्गला कोण विचारतंय?

पण आता चाराचे बारा झाले होते. वेल्बर्ग नवव्या क्रमांकावर होतं. आजचा शेवटचा सामना हरला तर बाराच्या बाहेर, जिंकला तर आठवा क्रमांक, आणि आठव्याला प्लेऑफचा पहिला सामना घरच्या मैदानावर. तो येत होता नेमका ऑपरेशनच्या गुरुवारनंतरच्या शनिवारी.

"जिंकलो तर तारीख पुढे ढकलू," लॅडनं जाहीर करून टाकलं होतं. "महिनाभरानं काय आभाळ कोसळतंय?"

पुढची तारीख जानेवारी अखेरची होती. कोसळायला तेवढा वेळ पुरे होता, हे रोझेलाला त्याच्या श्वासावरून कळत होतं.

सकाळी स्टेडियमबाहेर गाड्यांच्या तळावर मर्व्हिनच्या ट्रकमागे नेहमीचा अड्डा जमला. मर्व्हिन म्हणजे लॅडचा शाळेपासूनचा मित्र आणि स्टेडियममधला शेजारी. पातेल्यात चिली, म्हणजे मांस-राजम्याचं तिखट कालवण, रटरटत होती आणि सोबत दालचिनीचे रोल होते.

"काय रे लॅड," मर्व्हिननं डाव साधला, "बारा संघ म्हणजे खेळाचा बाजार, असं कोण बोंबलत होतं गेल्या वर्षी? आठव्याला कसलं बक्षीस देता, म्हणून कोण पेपरात पत्रं लिहीत होतं?"

"अजूनही तेच म्हणतो," लॅड म्हणाला. "आज बारा, उद्या सोळा, परवा चोवीस. मग नाताळाची टर्की पण इथंच भाजा! पोरांच्या हाडांचा भुगा होतोय, आणि टीव्हीवाल्यांची पोटं सुटतायत."

"मग आज हरू दे की."

"तुझ्या जिभेला हाड नाही का रे? नियम केलाय ना, मग आपण का मागं राहायचं?"

सगळे खो खो हसले. रोझेला चिली ढवळत राहिली. मोसम लांबवू नये असं मनापासून वाटणारं त्या तळावर आज एकच माणूस होतं, आणि त्यानं मूग गिळले होते.

त्यांच्या जागा वरच्या रांगेत होत्या. पायऱ्या चढताना लॅड दोनदा वाकला.

"नाडी सुटलीय," तो म्हणाला.

त्याच्या बुटांना नाड्याच नव्हत्या. रोझेलानं त्याचा दंड धरला, आणि त्यानं तो सोडवूनही घेतला नाही. त्यामुळेच ती जास्त घाबरली.

सामना शेवटपर्यंत चुरशीचा झाला. दोन मिनिटं उरली तेव्हा वेल्बर्ग तीन गुणांनी पुढे होतं आणि चेंडू पाहुण्यांकडे. त्यांचा तिसरा डाऊन, म्हणजे चेंडू दहा यार्ड पुढे न्यायच्या चार प्रयत्नांतला तिसरा. या क्षणी वेल्बर्गच्या माणसाचं एकच कर्तव्य: उभं राहायचं आणि इतकं ओरडायचं की पाहुण्यांना आपल्याच कप्तानाचा हुकूम ऐकू येऊ नये. म्हातारे काठ्या आपटतात, पाद्रीबुवा बेंबीच्या देठापासून ओरडतात. सगळं स्टेडियम गरजलं. रोझेला उभी राहिली, तोंड मात्र मिटलेलं. पुढे सरका रे पोरांनो, ती मनात पाहुण्यांना म्हणाली, एवढा एकदा पुढे सरका.

ते सरकले नाहीत. चौथाही प्रयत्न फसला. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, मर्व्हिननं चिलीचे हात तिच्या जॅकेटला पुसत मिठी मारली. लॅड एकटाच खाली बसला होता आणि बायकोकडे बघत होता.

घरी आल्यावर लॅड टोपी न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला.

"तू ओरडली नाहीस."

"घसा बसलाय."

"खोटं बोलू नकोस. आई गेली त्या आठवड्यात तू ओरडलीस. धाकट्याच्या वेळी नववा महिना होता, तरी ओरडलीस. आज काय झालं?"

"आपण हरायला हवं होतं मला," ती म्हणाली. "चिडायचं तर चीड."

तो चिडलाच. खुर्ची ओढली, ती ढकलून दिली. मग परत ओढून बसला.

"एवढी घाबरलीयेस?"

"हो."

"मग सांगायचंस ना, बाई!"

"जूनपासून सांगतेय, लॅड. तुला गुणफलक सोडून दुसरं काही ऐकू येतं का?"

दुसऱ्या दिवशी यादी जाहीर झाली. वेल्बर्ग आठवं. गावभर भोंगे वाजत होते, तेव्हा लॅडनं प्लेऑफची दोन्ही तिकिटं मर्व्हिनच्या हातात ठेवली. "मोठ्या आवाजाची माणसं बसव," एवढंच म्हणाला, आणि तोंड फिरवलं.

गुरुवारी ऑपरेशनला सांगितल्यापेक्षा फार वेळ लागला. बाहेरच्या बाकावर रोझेलाला आपण केलेल्या पापाची शिक्षा मिळणार असं सारखं वाटत होतं. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता, तरी वाटत होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, "झालं नीट," म्हणाल्या.

शनिवारी लॅडच्या इस्पितळातल्या खोलीत टीव्ही आवाज बंद करून चालू होता. ऑपरेशनच्या वेळी घातलेल्या श्वासाच्या नळीनं त्याचा घसा सोलून निघाला होता, शब्द फुटत नव्हता. बर्फ भुरभुरत होता, वेल्बर्ग मागे पडलं होतं, आणि चेंडू पाहुण्यांकडे. तिसरा डाऊन.

लॅडनं पांघरुणाबाहेर हात काढला. सुया टोचलेला तो हात हळूहळू वर गेला, तीन बोटं उभी राहिली, आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं.

रोझेला उठली आणि ओरडली. जूनपासून साठलेलं सगळं त्यात निघालं, अर्ध्यावर त्याचं रडं झालं, तरी ती थांबली नाही. नर्स धावत आली. तिनं आधी यंत्र पाहिलं, मग टीव्ही पाहिला, आणि दार हळूच ओढून घेतलं.

लॅडचे ओठ हलले. रोझेला वाकली.

"आलं ऐकू," तो कुजबुजला.