स्कार्फखालचं गाणं

पोलीस भरतीच्या माझ्या शेवटच्या वर्षी मी पुस्तकांपेक्षा इयरफोनवर जास्त डोकं लढवलं. हसायचं तर हसा. माझं वय संपत आलं होतं, त्यानंतर अर्जच भरता येणार नव्हता, आणि गंगापूरहून वडिलांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "एवढी भरती बघ. नाय झालं तर मग आमचं ऐकायचं." त्यांचं ऐकायचं म्हणजे पाहुणे, पोहे आणि खाली मान. मला वर्दी हवी होती. चौकात एखादी पोलीसबाई शिट्टी वाजवताना दिसली, की सिग्नल सुटला तरी मी तिच्याकडं बघत उभी राहायचे.

लेखीत मी कधी मागं नव्हते. गाडी अडायची ती आठशे मीटर धावण्याला, आणि तीही पायांमुळं नाही. माझ्या आईला दमा आहे. तिच्या छातीतली घरघर ऐकतच मी लहानाची मोठी झाले. मैदानाच्या दुसऱ्या फेरीत माझा श्वास वाजायला लागला, की मला तीच घरघर ऐकू यायची आणि पाय आपोआप मंद व्हायचे. डॉक्टरांनी छाती तपासून ठणठणीत असल्याचं सांगितलं. मला ते पटलं, माझ्या कानांना काही पटलं नाही.

मग मी ठरवलं, आपला श्वास आपल्याला ऐकूच येऊ द्यायचा नाही.

आधी साधे वायरचे होते ते लावले. हात हलला की वायर हाताला अडकायची आणि फोन खिशातून बाहेर. मग मानेत अडकवायचा पट्टेवाला इयरफोन आणला, तो पळताना मागून असा आपटायचा की कुणी चापट्या मारत पळवतंय. पैठण गेटच्या दुकानदारानं मला बिनवायरच्या बारक्या गोळ्या दाखवल्या. "नै गिरता बाजी, कित्ता बी भागो," म्हणाला. तो स्वतः स्टुलावरून उठत नव्हता, त्याला काय माहीत! पहिल्याच सकाळी विद्यापीठाच्या रस्त्यावर घामानं एक गोळी सुटली ती थेट नालीत. मी तिथंच फतकल मारून रडले. गोळीसाठी नाही, दिवस हातातून चालले होते म्हणून.

शेवटी कानामागून आकडा घालायचे मिळाले. तेही सैल होते, पण त्यावर मी स्कार्फ बांधला. आमच्या शहरात मुली उन्हापासून आणि ओळखीच्यांपासून तोंड लपवायला स्कार्फ गुंडाळतात, मी गाणं धरून ठेवायला गुंडाळला. डोक्यावरून, कानांवरून, मागं गच्च गाठ. आत एकच गाणं, तेच पुन्हा पुन्हा, ढोलाच्या ठेक्याचं. पाय त्या ठेक्यावर पडायला लागले आणि मी पहिल्यांदा वेळेत आले. त्या दिवशी मी स्वतःला जिलेबी खाऊ घातली.

माझी खोलीतली जोडीदारीण सोयगावची. माझ्यासारखीच भरतीची, पण बिनगाण्याची. ती एकदा म्हणाली, "अगं, मैदानात हे काढायला लावतेत. तिथं काय करशील?"

"तवर गाणं पाठ व्हतंय. मग कानात कशाला पाहिजे?"

"पाठ व्हतंय व्हय? बघ बाई," म्हणून ती बूट घालायला लागली. मला तिचा राग आला. मला वाटलं, ही जळते.

भरतीच्या सकाळी बंदोबस्तावरच्या बाई ओरडल्या, "घड्याळ, इयरफोन, स्कार्फ, सगळं काढा." मी गाठ सोडली. कानांना वारा लागला आणि मला एकदम उघडं पडल्यासारखं झालं.

पहिली फेरी गाण्यावर निघाली. मनातल्या मनात म्हणत होते, ठेका बरोबर पडत होता. दुसऱ्या फेरीच्या वळणावर पुढची ओळच आठवेना. रोज ऐकलेली ओळ! मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकले, आणि त्या रिकाम्या जागेत माझ्या छातीतून घरघर सुरू झाली. आई. पाय मंदावले. मी त्यांना शिव्या घातल्या, हातापाया पडले, देवाचं नाव घेतलं. ते ऐकेनात.

तेवढ्यात डावीकडून एकजण पुढं गेली. तिची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजत होती. तिच्यामागून दुसरी, ती तर कण्हतच पळत होती. मग सोयगावची माझ्या अगदी जवळून गेली, आणि तिच्याही घशातून तोच आवाज येत होता, माझ्यापेक्षा मोठा. वर्षभर आम्ही एकाच रस्त्यावर पळत होतो. मी कान बंद करून पळत होते, मला तो कधी ऐकूच आला नव्हता.

मग मी पळाले. छाती फुटू दे म्हणून पळाले. पण रेघ आली तेव्हा वेळ निघून गेली होती.

सोयगावची यादीत होती. मी नव्हते. गेटबाहेर बसून घरी फोन लावला, तो आईनं उचलला. माझ्या हॅलोवरूनच तिला कळलं. पलीकडून तिची घरघर येत होती.

"लई दम लागला का गं?" तिनं विचारलं.

"सगळ्यांनाच लागला, आई," मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना.